गोळी आपल्या मनाने थांबवू नका

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून दिला आहे.)



कट्ट्यावर आत्तापर्यंत मृत्युपत्र झालं, बँकेची फसवणूक झाली, गुडघ्यांचे व्यायाम झाले. या वेळी सेक्रेटरी मला म्हणाले, "तुम्ही औषधांवर काहीतरी बोला." मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. फाटकाशेजारच्या गाळ्यात मी बावीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. तुमच्यापैकी निम्म्यांच्या चिठ्ठ्या मला तोंडपाठ आहेत, पण घाबरू नका, त्या बोलणार नाही. बोलणार आहे ते माझ्या घरातल्या चिठ्ठीबद्दल. आमची ही समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "सांगा, पण सगळं सांगा, तुमचंही." तर सगळं सांगतो.

विषय आहे स्टेरॉइडच्या गोळ्यांचा. ज्यांना त्या महिनोन् महिने घ्याव्या लागतात, त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काय सांभाळायचं, एवढाच.

आधी एक घोटाळा दूर करू. जिममधली पोरं दंड फुगवायला जी घेतात ती स्टेरॉइड वेगळी. मी बोलतोय ती सूज आणि दाह कमी करणारी. प्रेडनिसोलोन, मिथाइल प्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही त्यांची नावं. घरी जाऊन आपल्या स्ट्रिपवर बारीक अक्षरात छापलेलं मूळ नाव चष्मा लावून वाचा. कंपनीचं नाव काहीही असेल, मूळ नाव यांपैकी असेल तर हे भाषण तुमच्यासाठी आहे. दम्याच्या पंपातही बहुधा स्टेरॉइड असतं, पण त्याचा डोस अगदी थोडा आणि तो थेट फुप्फुसात जातो. पंप घेतल्यावर चूळ भरून टाका म्हणजे तोंड येत नाही. मात्र "स्टेरॉइड आहे" म्हणून घाबरून पंप सोडू नका.

हे औषध आलं कुठून? आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. ती रोज कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य बनवते. रक्तदाब टिकवणं, साखर सांभाळणं, ताप, अपघात, ऑपरेशन अशा संकटात शरीराला उभं ठेवणं ही त्याची कामं. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंना त्याच जातीचं कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत त्या चालू लागल्या. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइशस्टाइन या तिघांना त्याबद्दल नोबेल मिळालं. त्याचे दुष्परिणामही डॉक्टरांना लवकरच दिसू लागले. म्हणजे या औषधाचं चांगलं आणि वाईट दोन्ही जगाला सत्तर-पंच्याहत्तर वर्षं ठाऊक आहे. तरी आपण त्याच्याशी एक तर अमृतासारखं वागतो, नाही तर विषासारखं.

आमच्या हिला काही वर्षांपूर्वी तोंडात फोड आले. आम्हाला वाटलं उष्णता. गुलकंद झाला, सब्जा झाला. मग फोड छातीवर, पाठीवर. त्वचारोगतज्ज्ञांनी तुकडा काढून तपासला. पेम्फिगस निघाला. आपल्या शरीराची राखणदार यंत्रणा आपल्याच कातडीवर उलटते असा हा आजार. स्टेरॉइड येण्यापूर्वी बहुतेकांचा त्यात जीव जाई. तिला प्रेडनिसोलोन सुरू झालं, चाळीस मिलिग्रॅम. महिन्याभरात नवे फोड थांबले. डॉक्टर हळूहळू डोस उतरवत गेले आणि आठ महिन्यांनी पंधरावर आले.

पण या आठ महिन्यांत चेहरा पुरणपोळीसारखा गोल झाला. वजन वाढलं, रात्रीची झोप गेली. भाचीचा साखरपुडा महिन्यावर आलेला. नातेवाइकांपैकी कोणीतरी म्हणालं, "अगं, स्टेरॉइड म्हणजे विष. अंग सुजवून टाकतं." आणि इथे माझा भाग येतो. मी स्वतः औषधवाला. दुकानात उभा राहून मीही गिऱ्हाइकांना म्हणायचो, "हे औषध चांगलं नाही हो, जमेल तितक्या लवकर सोडा." घरीही तेच म्हणालो होतो. लवकर सोडा म्हणालो, कसं सोडायचं ते कधी बोललो नाही. हिने ते ऐकलं आणि एके दिवशी सोडलं. मला सांगितलं नाही, कारण मी ओरडलो असतो.

स्ट्रिप माझ्याच दुकानातून जायची. त्या महिन्यात नवी मागितली गेली नाही. दुकानात शंभर जणांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने घरातली एक स्ट्रिप मोजली नाही.

पहिले काही दिवस काही झालं नाही. थोडा थकवा, थोडी अंगदुखी, जेवण नको वाटणं. हिला वाटलं औषधाचं विष उतरतंय. बाराव्या दिवशी मी एका लग्नासाठी साताऱ्याला गेलो होतो. रात्री हिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. एरवी असं पोट बिघडलं तर आपण मीठ-साखरेचं पाणी पितो आणि दुसऱ्या दिवशी उभे राहतो. सकाळी समोरच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या. दार उघडायलाच हिला पाच मिनिटं लागली. दार उघडलं आणि ती तिथेच खाली बसली. अंग गार, घामाने भिजलेलं, बोलणं असंबद्ध.

वहिनींनी वॉचमनला हाक मारली. खुर्चीत बसवून लिफ्टने खाली आणलं. आणि निघता निघता त्यांनी एक गोष्ट केली. आमच्या फ्रिजवरचा औषधांचा डबा आख्खा कापडी पिशवीत उपडा केला आणि पिशवी बरोबर घेतली. मी त्यांना नंतर विचारलं, कसं सुचलं? म्हणाल्या, "मला काय कळतंय औषधातलं? म्हटलं, डॉक्टरच बघतील."

हॉस्पिटलमध्ये वरचं प्रेशर सत्तर. सलाईन लागलं. डॉक्टर विचारत होते, शुगर आहे का, हार्टचं काही आहे का. वहिनींनी पिशवी टेबलावर ओतली. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टर मुलीच्या हाताला प्रेडनिसोलोनची स्ट्रिप लागली. तिने हिच्या कानाशी वाकून विचारलं, "काकू, ही गोळी शेवटची कधी घेतली?" ही पुटपुटली, "बारा दिवस झाले." त्या मुलीने क्षण न दवडता हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्यायला सांगितलं. मी संध्याकाळी धावतपळत पोचलो तेव्हा ही उशीला टेकून बसली होती आणि चहा मागत होती.

असं का झालं, ते आपल्या सोसायटीच्या भाषेत सांगतो. ज्या उन्हाळ्यात आपल्याकडे रोज टँकर यायचा, तेव्हा बोअरचा पंप कोणी चालवत नव्हतं. चार महिन्यांनी टँकर बंद केले आणि बटण दाबलं तर पंप जाम. दुरुस्तीला आठवडा गेला आणि आपण बादल्या घेऊन खाली उभे होतो. शरीरात तेच होतं. बाहेरून रोज स्टेरॉइड येतंय म्हटल्यावर ती टोपीसारखी ग्रंथी काम बंद करते. साधारण तीन-चार आठवड्यांहून जास्त गोळी घेतली की ही शक्यता धरून चालायची. मग गोळी एकदम थांबवली तर बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. त्यात ताप, जुलाब, अपघात असं काही आलं की प्रेशर कोसळतं. वेळेवर कळलं नाही तर माणूस जातो.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट: गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. डोस उतरवायचा तो डॉक्टरांनी, पायरी पायरीने. वरच्या पायऱ्या भरभर उतरता येतात, पण प्रेडनिसोलोन पाच मिलिग्रॅमच्या आसपास आलं की वेग मुद्दाम कमी करतात, कारण साधारण तेवढंच काम निरोगी ग्रंथी रोज करत असते आणि तिला जागं व्हायला वेळ लागतो. कधी कधी महिने लागतात. हिला पुढे पंधरावरून शून्यावर यायला वर्षाहून जास्त लागलं. आधी सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल तपासलं, मगच शेवटची गोळी बंद झाली.

आता रोजच्या गोष्टी.

गोळी सकाळी, काहीतरी खाऊन घ्यायची. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही सकाळीच जास्त असतं, आणि सकाळी घेतली तर रात्रीची झोप कमी बिघडते. चतुर्थी असो, नवरात्र असो, गोळीला उपवास नाही. दूध, केळं घ्या आणि गोळी घ्या. सकाळी विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांची मिळून घेऊ नका.

घरात दहा दिवसांचा साठा कायम हवा. प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.

दुकानदार म्हणून एक सांगतो. या गोळ्यांचे आकडे एकमेकांना लागू पडत नाहीत. पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे चार मिथाइल प्रेडनिसोलोन, म्हणजे सहा डेफ्लाझाकॉर्ट, म्हणजे जेमतेम पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. "ही नाही, ती चालेल का?" असं काउंटरवर ठरवायचं नाही. शिवाय एकाच नावाच्या पाच, दहा, वीस, चाळीसच्या स्ट्रिपा असतात. नाव बघितलं तसा आकडाही बघा.

उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर थांबून बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. तिथे इंजेक्शन देतात. ताप, मोठा संसर्ग, हाड मोडणं, ऑपरेशन, दात काढणं अशा वेळी डोस वाढवायचा का आणि किती, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. ते आजार येण्यापूर्वी, पुढच्या भेटीतच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. दातांच्या डॉक्टरांनाही सांगा. आपण त्यांना फक्त दात दाखवतो.

आता काय काय तपासत राहायचं ते सांगतो. दुष्परिणामांच्या भीतीने गोळी सोडण्यापेक्षा त्यांच्यावर नजर ठेवलेली बरी.

साखर. सकाळी गोळी घेणाऱ्यांची साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते. उपाशीपोटीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून खूश होऊ नका, जेवणानंतरची बघा. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांनी तर पहिल्या आठवड्यापासूनच.

प्रेशर आणि वजन. पापड, लोणचं, फरसाण कमी. भूक खोटी खोटी वाढते, ती ओळखायला शिकावं लागतं. आमच्याकडे डब्यातली शेव गेली आणि काकडी आली. आरडाओरडा झाला, पण झालं.

हाडं. हाडं झिजण्याचा वेग पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत जास्त असतो, म्हणून "पुढे बघू" नको. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडांची घनता मोजायची तपासणी, गरज पडल्यास हाडांचं वेगळं औषध, हे डॉक्टरांना विचारा. रोज चाला. खुब्यात नवीन दुखणं सुरू झालं आणि जाईना, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर राहिला नाही असं वाटलं तर तेही सांगा.

डोळे. मोतीबिंदू लवकर येऊ शकतो आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो. दाब वाढलेला आपल्याला कळत नाही. वर्षातून एकदा तरी डोळे तपासा.

पोट. स्टेरॉइड चालू असताना डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्या आपल्या मनाने घेतल्या तर जठरात जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो. शौच काळी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर.

संसर्ग. हे औषध ताप आणि सूज झाकतं, त्यामुळे आजार आत मोठा असला तरी वरून लहान दिसतो. आपल्या देशात टीबी सगळीकडे आहे. शरीरात झोपलेला टीबी स्टेरॉइडने जागा होऊ शकतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, यांतलं काही असेल तर सांगा. टीबीच्या रिफॅम्पिसिनने स्टेरॉइडचा असर कमी होतो, म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधं माहीत हवीत. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल विचारा, पण कोणतीही लस घेण्याआधी स्टेरॉइड चालू असल्याचं सांगा, कारण जिवंत जंतूंच्या काही लशी अशा वेळी चालत नाहीत. शेजारच्या नातवाला कांजिण्या आल्या आणि तुम्हाला कधी आल्या नसतील, तर लांब राहा आणि डॉक्टरांना कळवा.

मन. चिडचिड, रडू येणं, उगाच फार उत्साह, झोप न लागणं, हे औषधामुळेही होतं. घरच्यांनी "हल्ली हिचा स्वभावच बदललाय" म्हणण्याआधी गोळीचा विचार करावा. मी तो केला नव्हता.

हे झालं चालू गोळ्यांचं. उलट बाजूही सांगायला हवी, म्हणजे आपल्या मनाने सुरू करण्याची. गुडघेदुखीवर "दोन दिवसांत पळायला लागाल" अशी बिननावाची पुडी कोणी दिली तर घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. पुडी चार महिने खाऊन बंद केली की हिचं झालं तसंच होऊ शकतं, आणि तेव्हा डॉक्टरांना दाखवायला स्ट्रिपसुद्धा नसते. चेहरा उजळायला मुली जी मलमं लावतात त्यांतल्या काहींत जोरदार स्टेरॉइड असतं. चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलं. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे जीव डेक्सामेथासोनने वाचतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा दिसला नाही. तरी व्हॉट्सॲपवरची चिठ्ठी घेऊन लोक माझ्या दुकानात यायचे. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले, त्यामागे आटोक्याबाहेरची साखर आणि वारेमाप स्टेरॉइड ही मोठी कारणं होती.

आता शेवटचं, आणि हे सोसायटीचं काम आहे. इंग्लंडमध्ये २०२० पासून अशा रुग्णांना खिशात ठेवायचं एक आणीबाणीचं कार्ड देतात. आपल्याला कोणी देण्याची वाट बघायला नको. साधा पुठ्ठा घ्या. त्यावर नाव, आजार, गोळीचं मूळ नाव, आजचा डोस, कधीपासून, डॉक्टरांचा फोन, घरच्यांचा फोन लिहा. खाली मोठ्या अक्षरात लिहा: "मी स्टेरॉइड घेतो. अचानक बंद करू नये. उलट्या, बेशुद्धी किंवा प्रेशर कमी असल्यास स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा तातडीने विचार करावा." एक प्रत पाकिटात, एक घराच्या मुख्य दाराच्या आतल्या बाजूला. डोस बदलला की कार्ड बदला. आणि एका शेजाऱ्याला ते कुठे आहे हे माहीत असू द्या. १०८ ला फोन लावणाऱ्याच्या हातात ते कार्ड असलं की अर्धं काम झालं. माझा मुलगा दुकानात अशी कोरी कार्डं ठेवेल, पैसे नकोत.

माझ्या चुकीचं प्रायश्चित्त म्हणून मी एवढंच केलं. आता कोणी ही गोळी न्यायला आलं की "लवकर सोडा" म्हणत नाही. विचारतो, "किती दिवस झाले? पुढची तारीख कधी?" महिना उलटून कोणी आलं नाही तर फोन करतो. काही जण चिडतात, म्हणतात धंदा वाढवतोय. चिडू देत.

आणि समोरच्या वहिनी, तुम्ही शेवटच्या रांगेत लपून बसलात तरी मला दिसताय. त्या दिवशीची ती कापडी पिशवी आम्ही परत केलेली नाही, करणारही नाही. आता तीत हिच्या सगळ्या फायली असतात.

भाषणाला निघताना मी हिला विचारलं, तुझ्याकडून काय सांगू? ती म्हणाली, "सांगा, चेहरा परत उतरतो." सहा-आठ महिने लागले, पण उतरला. बघा, समोरच बसली आहे.

चहा झाल्यावर ज्यांना स्ट्रिपवरचं नाव वाचून हवं असेल त्यांनी स्ट्रिप घेऊन या, मी इथेच आहे.